दोन पानं राहिलीत

तिला घरात आणि दुकानात सगळे वाळवी म्हणत. नाव बापानेच ठेवलेलं, आणि बाप होता बाइंडर. ज्या माणसाचा उभा जन्म वाळवीशी भांडण्यात गेला, त्याने पोटच्या पोरीला हेच नाव द्यावं, यात वैताग किती आणि लाड किती हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण नाव शोभायचं तिला. शाळा सुटली की ही पोर दप्तरसुद्धा न उतरवता दुकानात शिरायची आणि कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या थप्पीला लागायची. भूक लागलीय हे तिला पुस्तक काढून घेतल्यावर कळायचं.

दुकान म्हणजे शटरची एक लांबट खोली. पुढे शिलाईचं टेबल, त्यावर दाभण, दोरा आणि खळीचं भांडं. मधे पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. आणि पार मागे, भिंतीला लागून, कागद कापायचं मशीन. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं पोत्यांतून इथे यायची. बाप जुनी शिलाई उसवून फर्मे सुटे करायचा. फर्मा म्हणजे एकात एक घडी घातलेल्या पानांचा पातळ गठ्ठा. असे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. शिवून, कडा कापून, नवा पुठ्ठा चढला की पुस्तक परत. म्हणजे वाळवीच्या हाती पुस्तक पडायचं ते कव्हर नसलेलं, नाव नसलेलं, आणि तेही थोड्या दिवसांचं पाहुणं. त्यामुळे बापलेकीचं रोज संध्याकाळी एकच भांडण.

"आण ते इकडे. आज जायचंय पुस्तक."

"बाबा, दोन पानं राहिलीत."

"तुझी दोन पानं कधी संपतात का गं? पुस्तकं शिवायला असतात, गिळायला नाही."

आणि तो पुस्तक ओढून घ्यायचा. दोन पानं राहायची ती राहायचीच. अर्धवट सुटलेल्या कितीतरी गोष्टी घेऊन ही मुलगी रोज घरी जायची, आणि झोपेपर्यंत त्यांचे शेवट स्वतःच करत बसायची.

तिची सगळ्यात लाडकी पुस्तकं तीन. खरी नावं ठाऊक नसल्यामुळे तिने आपल्या मनाने ठेवलेली.

पहिलं दिव्याचं पुस्तक. समुद्रातल्या एका दीपगृहात नवरा, बायको आणि मुलं राहतात. वादळ येतं, सगळे एका खोलीत बसतात, बाप वर जाऊन दिवा बघून येतो. पुन्हा वादळ येतं, बाप पुन्हा वर जातो. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर पुस्तक भिंतीवर फेकलं असतं. पण वाळवीला ते का आवडायचं, तर प्रत्येक वादळाच्या शेवटी तो बाप खाली येतो म्हणून. कितीही लाटा उसळोत, तो खाली येऊन ओले कपडे बदलतोच.

दुसरं कोंबड्यांचं पुस्तक. ही तर गोष्टच नव्हे. कोंबड्यांना होणाऱ्या रोगांची माहिती. प्रत्येक रोगाची लक्षणं, मग उपाय. आणि काही रोगांपुढे नुसतं 'उपाय नाही.' एवढंच, पुढे पूर्णविराम. ते वाचताना तिच्या अंगावर काटा यायचा आणि तरी कुठेतरी बरंही वाटायचं. मोठी माणसं तिच्याशी असं सरळ कधीच बोलत नसत. ती म्हणत, बघू, होईल, तू जा खेळायला.

आणि तिसरं, सगळ्यात लाडकं, जिन्याचं पुस्तक. एका मुलीच्या घरी रोज दिवेलागणीला जिन्यावर कुणीतरी चढतं. भिंतीवरून हात घासत येतं. प्रत्येक पायरी आधी पावलाने चाचपतं, मग त्यावर भार देतं. दाराशी येऊन थांबतं. शेवटच्या फर्म्यात ती मुलगी कडीला हात घालते. वाळवीने हे पुस्तक भिंतीला पाठ लावून, पाय वर घेऊन वाचलं होतं, आणि कडीपाशी येऊन मिटलं होतं. शेवटच्या फर्म्यातलं त्यापुढचं तिने वाचलंच नाही. वेळ नव्हता म्हणून नव्हे. तेवढं एकच पुस्तक तिने न मागता बापाला परत दिलं, आणि बापाने तिच्या कपाळाला हात लावून ताप बिप आहे का ते पाहिलं होतं.

भित्री म्हणा हवं तर. पण तिचं म्हणणं सोपं होतं. पुस्तकातल्या भीतीला पुठ्ठा असतो. हवी तेव्हा उघडावी, पुरे झाली की मिटावी. ती आपली आत राहते आणि आपण बाहेर. घाबरायची एवढी सोयीची जागा तिला दुसरी ठाऊक नव्हती, आणि म्हणून तर ते पुस्तक म्हणजे तिचा जीव की प्राण.

पोरांनी हाताळून खिळखिळं केलेलं तेच पुस्तक एक दिवस पुन्हा दुकानात आलं. वाळवी शाळेतून आली तोवर बापाने ते शिवूनही टाकलं होतं. तिने भिंत धरली, पाय वर घेतले, वाचायला लागली. हात घासत येतो, पावलं चाचपतात, कुणीतरी दाराशी थांबतं, ती मुलगी श्वास रोखून धरते, पान उलटावं तर पुढे: 'पक्ष्याची मान वाकडी होते व तो एकाच जागी गोल फिरू लागतो.'

वाळवी खो खो हसत सुटली. कोंबड्यांचं पुस्तकही त्याच आठवड्यात आलं होतं, त्याच आकाराचं. त्याचा एक फर्मा इकडे घुसला होता.

"बाबा, तुम्ही भुताला कोंबडी केलंत!" ती पुस्तक घेऊन धावली.

बापाने पुस्तक हातात घेतलं. आधी समोर धरलं, मग दाराच्या उजेडाकडे वळून नाकाशी नेलं, मग मान थोडी तिरकी केली. "कुठे?" त्याने विचारलं.

त्या पानावर कोंबडीचं हे एवढं मोठं चित्र होतं.

वाळवीचं हसू जागच्या जागी थांबलं. "इथे," ती म्हणाली आणि त्याचं बोट धरून चित्रावर ठेवलं.

"हां, हां. दिसलं. दुपारी ऊन डोळ्यावर येतं, त्यात झालं असेल." बापाने पुस्तक खाली ठेवलं, आणि ते टेबलाच्या कडेवर अर्धं आणि हवेत अर्धं राहून खाली पडलं. पडलेलं उचलायला तो वाकला तेव्हा त्याचा हात जमिनीवर भलतीकडेच फिरत होता.

त्या संध्याकाळी ती आधी घरी गेली. आई अजून शिंप्याकडून आली नव्हती. काजं-बटणं करता करता तिला रोजच उशीर व्हायचा. वाळवी खोलीत एकटी होती, दिवा लावायचा कंटाळा करत बसलेली, आणि जिन्यावर आवाज आला. भिंतीवरून कुणाचा तरी हात घासत होता. एक पाऊल आधी पायरी चाचपून बघत होतं, मग त्यावर भार पडत होता. पुन्हा हात, पुन्हा पाऊल. मिटायला हातात पुस्तकही नव्हतं. आवाज दाराशी आला, थांबला, आणि कडी शोधत दारावर हात फिरू लागला.

तिने दार उघडलं. बाहेर बाबा होते.

"दिवा नाही लावलास?" त्यांनी विचारलं. मग तिचा चेहरा न बघताच त्यांना काय कळायचं ते कळलं. "आईला सांगायचं नाही," ते हळू म्हणाले. "उगाच घाबरेल ती. शपथ आहे तुला."

त्या दिवसापासून वाळवी घाबरायला शिकली, खरं घाबरायला. तिला ते मशीन दिसू लागलं. वर्षानुवर्षं ते तिथेच होतं आणि तिने कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. कागदांची थप्पी पात्याखाली सरकवायची, वरचं चाक फिरवून ती दाबायची, आणि मग लांब दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचा. पातं पुस्तकाच्या कडेतून असं उतरायचं की आवाजसुद्धा धड व्हायचा नाही. दांडा ओढण्याआधी बाप थप्पीच्या कडेवरून बोटं फिरवून कागद सारखे करायचा. आता तो बोटं फिरवायचा तेव्हा ती दात घट्ट आवळून बोटं मोजायची.

शाळा सुटल्यावर ती त्याचे डोळे झाली. फर्म्यांच्या तळाशी बारीक आकडे छापलेले असतात. ते बघून ती फर्मे लावून द्यायची, सुया ओवून ठेवायची, कापायच्या रेषेवर "बाबा, थोडं डावीकडे" म्हणायची. वाचणं सुटलंच. बाप काही बोलत नसे. फक्त एकदा म्हणाला, "हल्ली दोन पानं राहत नाहीत वाटतं तुझी?" ती हसली, आणि दोघांनाही ते हसू खोटं लागलं.

पण सकाळचं काय? सकाळी ती वर्गात असायची आणि तो पात्यासमोर. वर्गाच्या दारात शिपाई कसलं तरी पत्रक घेऊन आला तरी तिला वाटायचं, हा आपल्यासाठीच आलाय. शिपाई आपल्याकडेच बघतोय, आता बाई आपल्याला बाहेर बोलावणार, आता कुणीतरी खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलणार. शिपाई निघून गेला की ती फळ्याकडे बघायची आणि फळ्यावरचं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. ग्रंथालयाच्या बाई एका दुपारी स्वतः दुकानात आल्या. चष्मा साखळीला, आवाज खणखणीत. हातात जिन्याचं पुस्तक होतं. कोंबड्यांचा फर्मा काढून बापाने ते दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा शिवलं होतं, वाळवी शाळेत असताना, आणि तसंच पाठवून दिलं होतं.

"हे काय आहे?" बाईंनी पुस्तक टेबलावर उघडं टाकलं. "मधला अख्खा फर्मा उलटा. खाली डोकं वर पाय करून वाचायचं का मुलांनी? इतक्या वर्षांत तुमच्याकडून असं कधी झालं नाही."

बाप उभा राहिला. त्याने पुस्तकाकडे पाहिलं, म्हणजे पुस्तक असावं त्या बाजूला पाहिलं. मग टेबलावरचं दाभण चाचपून हातात घेतलं.

"मी लावला," वाळवी म्हणाली. "बाबा जेवत होते. मी मस्ती केली."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाळवीला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील. नाही गं, तू कशाला, असलं काहीतरी. बाबा दाभणाचं टोक अंगठ्याने चाचपत राहिले.

"असं आहे होय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा निवळला. "मग एक करा. पोरीला कामाला हात लावू देऊ नका. दुकानातच येऊ देऊ नका. खेळायचं वय आहे तिचं, आणि पुस्तकं काही खेळणं नव्हेत. पुन्हा असं दिसलं तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

"हो बाई," बाप म्हणाला. "नाही येणार ती."

बाई पुस्तक तिथेच टाकून गेल्या. वाळवी तिथेच उभी होती. बाबांना वाचवायला तिने तोंड उघडलं, आणि त्याच तोंडाने दुकानातले उरलेसुरले डोळेही काढून घेतले. हे तिला कळायला फार वेळ लागला नाही. आता सकाळ आणि दुपार असा भेदच उरला नव्हता. तो सगळाच वेळ एकटा असणार होता, त्या पात्यासमोर.

"बाबा, मी लपून येईन," ती म्हणाली.

"नाही. शब्द दिलाय." मग पाठ फिरवून तो म्हणाला, "माझे वडील असेच बसले होते अखेरीला. भिंतीकडे तोंड करून. कुणी काही विचारायचं नाही त्यांना. मला तसं बसायचं नाही, कळलं? जोवर चालतंय तोवर चालू दे. जा आता घरी."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जायला निघाली आणि कोपऱ्यावरून परत फिरली. शटर अर्धं उघडं होतं. आत बाबा मागच्या बाजूला मशीनपाशी होते. ती चपला बाहेर काढून, अनवाणी, त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. इतकी जवळ की खळीचा वास येत होता त्यांच्या सदऱ्याला. त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी थप्पी सरकवली, बोटं फिरवली, चाक आवळलं. पुन्हा एकदा बोटं फिरवली. आपल्याशीच काहीतरी पुटपुटत पात्याखालची बोटं एक एक करून मागे घेतली. त्यांनाही भीती वाटत होती. तिला हे आजवर सुचलंच नव्हतं. मग दोन्ही हातांनी त्यांनी दांडा धरला.

वाळवीने आपला हात थप्पीवर ठेवला, पात्याखाली.

"बाबा, दांडा हलवू नका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "माझा हात कुठे आहे?"

बाप दगडासारखा थिजला. "तू? तू कुठून आलीस? शाळा..."

"माझा हात कुठे आहे सांगा, बाबा. बघून सांगा."

त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. हात त्याच्या डोळ्यांसमोर होता. ती मनात म्हणत होती, सांगा ना, बाबा, दिसतोय म्हणा ना. त्याने एका हाताने दांडा तसाच घट्ट वर रेटून धरला आणि दुसरा हात हळूहळू पुढे आणला. तिच्या दंडावर लागला. दंडावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर, आणि मग पात्याखाली तिच्या बोटांवर.

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो वाळवी जन्मात विसरणार नाही. त्याने तिला ओढून बाहेर काढलं, एक सणसणीत ठेवून दिली, आणि लगेच तिथेच फरशीवर बसून तिची बोटं पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. सगळी आहेत ना, सगळी आहेत ना, एवढंच म्हणत होता. मारलं त्याने, आणि रडला तोच.

मग त्याने मशीनच्या दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप घातलं. कुलपाची किल्ली तिच्या हातात दिली. आणि संध्याकाळी आई घरी आल्यावर, तिने पिशवी खाली ठेवायच्या आत, तो म्हणाला, "ऐक गं. मला दिसत नाहीये."

आई खाली बसली. पहिला प्रश्न तिने विचारला तो, "कधीपासून?" दुसरा विचारला नाही; उठून तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे सुट्टी सांगून डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. नंबर लागेपर्यंत जिन्याचं पुस्तक तिनेच शिवलं. फर्मे वाळवीने लावले, प्रत्येक आकडा दोनदा बघून. टाके आईचे, काजाला घालते तसे बारीक आणि घट्ट. बापाने नुसती पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "बाइंडरच्या बायकोला शोभेल असं आहे." कडा न कापताच पुठ्ठा चढवला. दवाखान्यातून परत येताना ते ग्रंथालयात द्यायचं आणि बाईंना सगळं खरं सांगायचं, असं ठरलं. सांगायचं काम बापाने स्वतःकडे घेतलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी त्याला बराच वेळ तपासलं. मग त्या बोलल्या, आणि वाळवीला कोंबड्यांचं पुस्तक आठवलं, इतकं सरळ बोलल्या. काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसऱ्याची मधली नजर तेवढी उरलीय. गेलेलं परत येणार नाही. आहे ते औषधाने राखता येईल, रोज, न चुकता. आणखी आधी यायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?"

"माझ्या वडिलांना," बाप म्हणाला.

डॉक्टरीण बाईंची नजर वाळवीकडे गेली. "हे घराण्यात उतरतं. मुलीचे डोळेही आजच बघून घेऊ. बाहेर बसा, औषध घालायला बोलावतील. औषध घातल्यावर संध्याकाळपर्यंत तिला जवळचं दिसणार नाही, घाबरू नका."

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. आई पाणी आणायला म्हणून उठली ती तिकडेच, भिंतीकडे तोंड करून, पदराने डोळे पुसत उभी राहिली. वाळवी आपल्या पायांकडे बघत होती. डावा डोळा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं. समोरच्या दारावरची पाटी, बाबांच्या सदऱ्याचं बटण, आपल्या नखातली खळ. सगळं दिसत होतं. बाबांनाही एके काळी सगळं दिसत असणारच. या भीतीला पुठ्ठा नव्हता.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. पहिल्यांदाच ते तिच्या हातात पुठ्ठ्यासकट होतं. तिने नाव वाचलं नाही, सुरुवात पाहिली नाही. सरळ शेवटचा फर्मा उघडला.

"काय करतेस?" बापाने विचारलं.

"वाचतेय. त्या मुलीने कडीला हात घातलाय."

"मग?"

"पुढचं मी कधी वाचलं नाही. भीती वाटायची."

बापाने हात पुढे केला, चाचपत तिचा खांदा शोधला आणि तो तिथेच ठेवला. "मोठ्याने वाच," तो म्हणाला.

ती वाचू लागली. कडी निघाली. दार थोडं उघडलं. जिन्यात अंधार होता, आणि अंधारात कुणाचा तरी श्वास होता. तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि नर्स बाटली हातात घेऊन बाहेर आली.

"चला, मुलगी कुठे आहे? औषध घालायचंय."

वाळवीने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. सवयच होती तिला तशी. ती उठायला लागली, तर खांद्यावरच्या हाताने तिला खाली दाबलं.

"थांबा जरा, बाई," बाप म्हणाला. "तिची दोन पानं राहिलीत."